अबॉमिनेबल: किळस नंतरची, आधी अपशकुन

खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, शाळा मराठीत झाली आणि आता इंग्रजीतून मराठीत भाषांतर करायला शिकते आहे. गुलामांच्या व्यापारावरच्या उताऱ्यात तिला ‘धिस अबॉमिनेबल ट्रेड’ असे शब्द आले. शब्दकोशात किळसवाणा, घृणास्पद, तिरस्करणीय असे अर्थ मिळाले. वर्गात सांगितलं गेलं की शब्दाचं मूळ ‘माणसापासून दूर’, म्हणजे माणुसकीला सोडून असलेलं. तिने स्वतः शोधलं तेव्हा मात्र ‘अपशकुन’ हा अर्थ समोर आला. “यातलं खरं कुठलं, आणि मी वहीत काय लिहू?” असं तिने विचारलं आहे.

बेळगावात बत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवते आहे आणि भाषांतरंही करते. हा शब्द मी स्वतः कित्येक वर्षं ‘किळसवाणा’ असाच शिकवत आले, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

तुम्ही शोधलेलं मूळ बरोबर आहे. लॅटिनमध्ये ‘अब’ म्हणजे दूर आणि ‘ओमेन’ म्हणजे शकुन. या दोहोंपासून ‘अबॉमिनारी’ हे क्रियापद झालं. वाईट शकुन दिसला किंवा कानावर पडला की तो तोंडाने बोलून दूर सारायचा, असा त्याचा अर्थ. तिथून फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात शब्द इंग्रजीत आला. त्यात पोट ढवळणं नव्हतं, ओकारी नव्हती. भीती होती, आणि ती भीती दाराबाहेर ठेवण्याची धडपड होती.

रोमन माणसाचा ओमेन म्हणजे काय, हे सिसेरो या रोमन वक्त्याने सांगितलेल्या एका हकिगतीवरून छान कळतं. इ.स.पू. ५५ मध्ये क्रॅसस हा रोमन सेनापती पार्थियन लोकांवर चालून जायला ब्रुंडिसियम बंदरातून निघाला होता. फौज गलबतांवर चढत होती. धक्क्यावर एक अंजीरवाला ओरडत होता, “काउनेआस! काउनेआस!” काउनस नावाच्या गावची सुकी अंजिरं तो विकत होता. पण हेच शब्द भरभर म्हटले तर लॅटिनमध्ये “कावे ने एआस” असं ऐकू येतं. त्याचा अर्थ, जपून, जाऊ नकोस. क्रॅसस गेला, आणि दोन वर्षांनी पार्थियनांशी लढताना मारला गेला. सिसेरोचा स्वतःचा अशा शकुनांवर विश्वास नव्हता, पण लोक ही गोष्ट सांगत असत. विकणाऱ्याच्या मनात काहीच नव्हतं, तो आपला माल खपवत होता. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र तो शब्द शकुन होऊन पडला.

दुसरी गोष्ट अशी की असा शब्द कानावर पडला म्हणजे आता तो भोगायलाच हवा, असं रोमन मानत नसत. ऐकणाऱ्याला तो स्वीकारता यायचा किंवा नाकारता यायचा. चांगला असेल तर “शकुन घेतला” म्हणायचं, वाईट असेल तर शब्दानेच परतवून लावायचं. हे परतवून लावणं म्हणजे अबॉमिनारी. पत्रात एखादी अशुभ शक्यता लिहायची वेळ आली तर रोमन लेखक मध्येच ‘क्वोद अबॉमिनोर’ असं घालत. आपण “देव न करो” म्हणतो ना, तसंच.

हे सगळं वाचताना मला माझी वडगावची आज्जी डोळ्यांपुढे दिसते. संध्याकाळी दिवेलागणीला ती सोप्यात तांदूळ निवडत बसायची. पाल चुकचुकली की हात थांबायचे. ती उजव्या हाताची दोन बोटं शेणाने सारवलेल्या जमिनीवर टकटक वाजवून “कृष्ण कृष्ण” म्हणायची आणि मग पुन्हा तांदळात बोटं घालायची. आम्हा पोरांपैकी कुणी म्हणालं, “आज्जी, मी जातो,” की लगेच, “जातो म्हणू नको, येतो म्हण.” अभद्र काही तोंडून निघालं तर, “शुभ बोल गे!” त्या बोटांच्या टकटकीत लॅटिन क्रियापदाचा सगळा अर्थ आहे. शकुन ऐकला, दूर सारला, काम पुढे चालू.

आपल्या भाषेत तर ही सवय रोजच्या क्रियापदांत मुरलेली आहे. देवापुढे नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. रात्री खडेबाजारातला दुकानदार दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाही, मालवतो. फुटणं, बंद होणं, विझणं हे शब्द नको त्या गोष्टीला आमंत्रण देतील म्हणून शेकडो वर्षं आपल्या माणसांनी ते वळसा घालून टाळले. इंग्रजीच्या वर्गात हा शब्द मी आता इथूनच शिकवायला घेते, आणि मुलांना तो एका तासात कळतो.

मग अपशकुनाची किळस कशी झाली? माणसाच्या मनात ही दोन खोल्यांची भिंत फार पातळ आहे. जे अशुभ ते शिवायचं नाही, जे शिवायचं नाही ते घाण, आणि जे घाण ते पाहिलं की अंग शहारतं. खुद्द लॅटिनमध्येच शब्द सरकायला लागला होता. होरेस या कवीने रोमचा शत्रू असलेल्या सेनापती हॅनिबलला ‘आईबापांनी अबॉमिनेट केलेला’ म्हटलं आहे. तिथे शकुन उरलाच नाही, ज्याचं नाव घेणंही नको असा माणूस उभा राहिला. पुढे बायबल लॅटिनमध्ये आलं आणि देवाला जे अजिबात चालत नाही त्या सगळ्याला हा शब्द लागला. इंग्रजीत शब्दाला आजचं वजन आलं ते तिथूनच.

इथेच आपल्या मराठीने अगदी हीच वाट चालून दाखवली आहे. ‘अमंगळ’ बघा. अ आणि मंगल, म्हणजे शुभ नसलेलं. पण आज कुणी “काय अमंगळ!” म्हणतं तेव्हा मनात शकुन असतो का? तुंबलेल्या गटारीकडे बघून नाकाला पदर लावून म्हटलेला तो शब्द असतो. आणि ‘ओंगळ’? माझ्या मते तो याच शब्दाचा घरात वाढलेला धाकटा भाऊ आहे. संस्कृतातला मधला ‘म’ मराठीत ‘व’ होतो. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, आमलकचा आवळा झाला. मग ‘अव’चा ‘ओ’ होतो, जसं लवणचं लोण. तर अमंगळ, अवंगळ, ओंगळ हा प्रवास कानाला सहज पटतो. मुळात ‘अशुभ’ असलेला शब्द आता मळलेल्या कपड्याला आणि शेंबड्या नाकाला लागतो. लॅटिन ओमेनचं इंग्रजीत जे झालं तेच मंगलचं आपल्या ओसरीवर झालं.

आता तुमच्या शिक्षकांच्या मुद्द्याकडे येते. तो निराधार नाही. चूक आहे, पण ती त्यांची नव्हे, खूप जुनी आहे. मध्ययुगातल्या लॅटिन लिहिणाऱ्या पंडितांना ओमेन सापडला नाही आणि त्यांनी शब्द ‘अब होमिने’ असा फोडला. ‘होमो’ म्हणजे माणूस, म्हणून ‘माणसापासून दूर’, अमानुष, पशुवत. ही व्युत्पत्ती त्यांना इतकी पटली की शब्दाच्या पोटात त्यांनी ‘एच’ हे अक्षर घुसवलं आणि इंग्रजीतही दोनतीनशे वर्षं लोक तो ‘अबहॉमिनेबल’ असा लिहीत राहिले. शेक्सपियरच्या नाटकांचा १६२३ साली जो पहिला मोठा संग्रह छापला गेला, त्यात हा शब्द १८ वेळा येतो आणि १८ही वेळा एच घालूनच. त्याच्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ नाटकात होलोफर्नीस नावाचा एक शाळामास्तर आहे. कुणीतरी हा शब्द एच न उच्चारता म्हणतो म्हणून तो चिडतो. मास्तर ज्या अक्षरासाठी भांडतो ते अक्षर मुळात चुकीचं होतं, आणि न उच्चारणारा बिचारा बरोबर होता.

पुढे एच गळून पडला. पण त्या चुकीने शब्दाच्या अर्थावर जो रंग चढवला तो पुरता उतरला नाही. इंग्रज माणूस एखाद्या क्रूर कृत्याला अबॉमिनेबल म्हणतो तेव्हा त्यात ‘माणसाला न शोभणारं’ ही छटा आजही असते. तेव्हा परीक्षेत मूळ विचारलं तर ‘ओमेन’ लिहा. अर्थ विचारला तर शिक्षकांनी सांगितलेली छटाही लिहा. चुकीच्या व्युत्पत्तीनेही शब्द घडतात आणि भाषांतर करणाऱ्याला दोन्ही ठाऊक हवं.

शब्दकोशातले तीन अर्थ आता एकेक हातात घेऊन बघू, कारण नेमकी अडचण तिथे आहे.

‘किळसवाणा’ हा शब्द पोटाचा आहे. सडलेलं, लिबलिबीत, अन्नात निघालेला केस, असल्या गोष्टींचा. त्याला इंग्रजीत जवळचा शब्द डिस्गस्ट, आणि त्याचं मूळही जिभेवरच आहे. लॅटिनमध्ये ‘गुस्तुस’ म्हणजे चव. डिस्गस्ट म्हणजे चव उलटणं, रचनेने आपली ‘अरुची’च. (त्या गुस्तुसचा आणि संस्कृतातल्या ‘जुष्’ धातूचा, म्हणजे आवडीने सेवन करण्याचा, वंश एकच.) नॉशिया हा शब्द ग्रीकांच्या ‘नाउस’वरून, म्हणजे आपल्या नावेवरून आला. बोट लागते तेव्हाची मळमळ ती. ॲभॉर, म्हणजे तिटकारा करणं, यात केस उभे राहतात. त्याच्या पोटातला लॅटिन ‘होर्रेरे’ आणि आपला ‘हर्ष’ हे एका मुळाचे. त्यांच्याकडे भीतीने अंगावर काटा आला, आपल्याकडे आनंदाने. मला ही जोडी फार आवडते, पण ती आज बाजूला ठेवते.

मुद्दा एवढाच की किळशीच्या प्रत्येक शब्दाचं शरीरात वेगळं ठिकाण असतं, आणि शेजारच्या भाषेत गेलं की ते बदलतं. आपल्याकडे याचा अनुभव रोज येतो. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक कन्नड बाई होत्या, मराठी उत्तम बोलायच्या. एकदा स्टाफरूममध्ये डबा उघडून त्या एकदम म्हणाल्या, “मला असह्य झालं.” मी घाबरून उठले, पाण्याचा तांब्या घेऊन गेले, वाटलं चक्कर आली किंवा पोटात दुखतंय. त्यांनी डबा पुढे केला. भाजीत झुरळाचा पाय होता. कन्नडमध्ये असह्य म्हणजे किळस. घरी त्या “छी, असह्य आगतद” म्हणणार, किंवा ‘हेसिगे’. शब्द तोच, संस्कृतातूनच दोघींकडे आलेला. आपल्याकडे तो सोसवत नाही या अर्थी राहिला, त्यांच्याकडे तो सोसवत नाही म्हणून नाक मुरडू लागला. शब्दकोशात दोन शब्दांसमोर एकच अर्थ दिसला तरी फसायचं नाही, हे मी त्या डब्यापाशी शिकले.

‘घृणास्पद’ हा पुस्तकी शब्द आहे आणि चालून जातो. पण त्याचं मागचं दार एकदा उघडून बघा. संस्कृतात घृणा म्हणजे आधी ऊब, मग दया, कणव. तो अर्थ मराठीत एका जागी अजून जिवंत आहे. वर्तमानपत्रं ‘निर्घृण हत्या’ लिहितात तेव्हा त्याचा अर्थ किळस न येता केलेली हत्या असा नसतो. दयामाया नसलेली हत्या, असा असतो. दुसऱ्याच्या हालांनी कळवळणारं मन हळूहळू तोंड फिरवू लागलं आणि शब्द किळशीकडे गेला. गुलामगिरीवरच्या उताऱ्यात हा शब्द आला तर वाईट नाही, पण आजचा वाचक त्यात फक्त ‘नफरत’ वाचेल. हिंदीचा तो परिणाम आहे.

‘तिरस्करणीय’ मला थंड वाटतो. त्यात कुणाचं अंग शहारत नाही.

आता बायबलकडे परत जाऊ, कारण तुमच्या उताऱ्याचा लेखक नक्कीच बायबल वाचून वाढलेला असणार. त्या काळचे गुलामगिरीविरोधी इंग्रज बहुतेक तसेच होते. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये अबॉमिनेशन हा शब्द जागोजागी येतो. लेवीय नावाच्या भागाच्या अकराव्या अध्यायात पाण्यातल्या ज्या प्राण्यांना पर आणि खवले नाहीत ते सगळे अबॉमिनेशन ठरवले आहेत. म्हणजे कारवारहून किंवा गोव्याहून आपल्या बेळगावच्या बाजारात येणारी कोळंबी, तिसऱ्या, खेकडे सगळे त्यात आले. ज्यांच्या नुसत्या वासाने आपल्याकडे अनेकांना भूक लागते, ते. तेव्हा अबॉमिनेशन वस्तूच्या अंगी नसतं. ते कुणीतरी आखलेल्या रेषेत असतं.

बायबलच्याच उत्पत्ती नावाच्या भागाच्या ४३व्या अध्यायात एक जेवणाची पंगत आहे. योसेफ हा इब्री माणूस मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी झालेला, त्याचे भाऊ धान्य मागायला आलेले. जेवण वाढलं जातं. योसेफाला वेगळं, भावांना वेगळं, मिसरी लोकांना वेगळं. कारण इब्री लोकांबरोबर भाकर खाणं हे मिसऱ्यांना अबॉमिनेशन होतं. हा परिच्छेद मी वर्गात वाचते तेव्हा माझा आवाज थोडा बदलतो. माझ्या लहानपणी, गावाकडे एका चहाच्या हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेल्या तीन कपबश्या पालथ्या घातलेल्या असायच्या. काही माणसं येत, कोनाड्यातून आपली बशी काढत, लांबून ओतलेला चहा पीत, हापशावर विसळून पुन्हा तिथेच पालथी घालत. त्या कपबश्या आतल्यांपेक्षा स्वच्छ असायच्या, कारण पिणारा स्वतः घासून ठेवायचा. मी विचारलं होतं, “त्यांना आत का नाही देत?” उत्तर मिळालं नाही, पाठीत धपाटा मिळाला.

डार्विनने १८७२ साली भावनांवर लिहिलेल्या पुस्तकात प्रामाणिकपणे असंच एक दृश्य टिपलं आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तिएरा देल फ्वेगोत तो डब्यातलं थंड मांस खात होता. तिथल्या एका रहिवाशाने ते बोटाने दाबून बघितलं आणि त्याच्या मऊपणाची त्याला किळस आली. उलट त्या माणसाचं बोट आपल्या अन्नाला लागलं म्हणून डार्विनला किळस आली, त्याचे हात अस्वच्छ दिसत नव्हते तरी. त्या कोनाड्यातल्या कपांचं उत्तर मला पाठीतल्या धपाट्यानंतर पंचवीस वर्षांनी या चार ओळींत मिळालं.

आणि मराठीत त्याचं उत्तर कितीतरी आधी दिलेलं होतं. “विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म । भेदाभेद भ्रम अमंगळ ।।” तुकोबांनी इथे शब्दाची दिशाच उलटी केली. लोक ज्याला अमंगळ म्हणून दूर ठेवत होते ते अमंगळ नाही, ते दूर ठेवणं अमंगळ आहे. गुलामांच्या व्यापाराला अबॉमिनेबल म्हणणाऱ्या इंग्रजाने नेमकं हेच केलं. तोवर काळा माणूसच अस्पृश्य समजला जात होता. त्या इंग्रजाने तो शब्द उचलला आणि विकणाऱ्याच्या हिशेबाच्या वहीवर ठेवला. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनीही अबॉमिनेशनला ठिकठिकाणी ‘अमंगळ’ हाच शब्द दिला आहे. ‘ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ’ हे शब्द चर्चला जाणाऱ्या मराठी माणसाला परिचयाचे आहेत.

एक खबरदारी मात्र घ्या. हा शब्द आजच्या बोली इंग्रजीत खूप पातळ झाला आहे. अबॉमिनेबल वेदर म्हणजे आपल्याकडे जांबोटीकडे जुलैत पडतो तसला, कपडे आठ दिवस वाळू न देणारा पाऊस. तिथे अमंगळ लिहाल तर हसं होईल, “वैताग आणणारा पाऊस” पुरे. हिमालयातल्या ‘अबॉमिनेबल स्नोमॅन’चं तर नावच गफलतीतून आलं. १९२१च्या एव्हरेस्ट मोहिमेत बर्फावर पावलांचे ठसे दिसले. हमालांनी ‘मेतोह कांगमी’ असे शब्द वापरले. कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’चे हेन्री न्यूमन यांनी त्यातल्या ‘मेतोह’चा अर्थ ‘घाणेरडा’ असा घेतला आणि त्याला अबॉमिनेबल हे विशेषण चिकटवलं. खरा शब्द ‘माणसासारखं अस्वल’ अशा अर्थाचा होता. मराठीने त्याला नुसतं ‘हिममानव’ म्हटलं, विशेषण गाळलं. आपले भाषांतरकार तिथे जास्त बरोबर निघाले.

तुमच्या वहीत ‘हा अमंगळ व्यापार’ असं लिहा. ‘किळसवाणा व्यापार’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे जहाजाच्या तळातली घाण येते, आणि ती खरी असली तरी लेखकाचं बोट तिकडे नाही. तपासणारे ‘अमंगळ हा शब्द धार्मिक वाटतो’ म्हणतील, तर तो तसाच आहे आणि मूळ इंग्रजी शब्दही तसाच होता, असं त्यांना सांगा. उताऱ्यात पुढे तोच शब्द नाम म्हणून, अबॉमिनेशन, असा आला असेल तर ‘अमंगळपणा’ करू नका, वाक्य लंगडतं. ‘हे पाप’ किंवा ‘असलं अमंगळ कृत्य’ असं वाक्य फिरवून घ्या. मोठ्याने वाचताना जोर ‘बॉ’वर द्या, आणि एच कुठेही नको.